त्राओरेकडून घेतलेला कॉम्प्युटर

तेने जारा दुकानात शिरली तेव्हा सिबिरी त्राओरे जेवत होता. ताटावरची मान वर न करता तो म्हणाला, "आली का चवळीखाऊ? वास बरोबर लागतो तुला. पण आज चवळी नाही. भात आणि शेंगदाण्याची आमटी आहे. तुझ्या नशिबात नाही."

"तुझ्या ताटात मी बोट घालायची नाही," तेने म्हणाली. "त्राओरेच्या ताटात काय असतं ते सगळ्या कायेसला ठाऊक आहे. शेजारणीकडून मागून आणलेलं."

"मागून नाही, चोरून. तू घराला कुलूप लावायला विसरलीस म्हणून मिळालं."

दाराबाहेर निखाऱ्यांवर चहा उकळत बसलेले दोघे तिघे हसले. एकाने स्टूल पुसून तिच्याकडे सरकवलं.

जारा आणि त्राओरे समोरासमोर आले की हे असंच चालतं. दोन आडनावांत थट्टेचं नातं आहे, आजोबांच्या आजोबांपासूनचं. जाराने त्राओरेला गडी म्हणायचं, त्राओरेने जाराला चवळीखाऊ. लग्नात म्हणायचं, मयतीतही म्हणायचं. रागवायचं नाही. रागावला तो हरला. आणि या बोलण्यातलं काही खरं धरायचं नाही.

तेनेला कॉम्प्युटर घ्यायचा होता. सिबिरीचा धंदा जुन्या कॉम्प्युटरांचा. युरोपातल्या कचेऱ्यांनी टाकलेला माल कंटेनरमधून डकारच्या बंदरात उतरायचा, तिथून ट्रकने मालीत, कायेसला यायचा. सिबिरी प्रत्येक नग खोलायचा, आतली धूळ ब्रशने काढायचा, काय चालतं आणि काय चालत नाही ते तपासूनच फळीवर मांडायचा. हात चोख होता. गावात दुसरेही विकणारे होते, पण तेने इथेच आली. जारा बाईने त्राओरेचं दुकान सोडून दुसरीकडे खरेदी करायची म्हणजे पुन्हा त्याचीच थट्टा.

तेने पन्नाशी ओलांडलेली. ठेंगणी, भरभर चालणारी. नवरा वारला तेव्हा दोन मुली घेऊन ती माहेरी परत आली होती. बाप रेल्वेत होता. त्याने घराची रस्त्याकडे तोंड असलेली खोली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, रडणं पुरे झालं, काहीतरी सुरू कर. तिने टेलिफोनचं बूथ टाकलं. त्या वेळी पॅरिसला फोन करायला बाया रांग लावायच्या. कायेसच्या आसपासच्या गावांतून प्रत्येक घरातला एक तरी माणूस फ्रान्समध्ये. भांडणं, नवस, बारशी, सगळं तेनेच्या बूथमधून जायचं. मग लोकांच्या खिशात फोन आले आणि रांग आटली. तिने फळ्यांची केबिन मोडून त्याच फळ्यांची बाकं केली, जुने कॉम्प्युटर मांडले, इंटरनेटचं दुकान काढलं. पोरं येऊन अर्ज लिहायची, पत्रं पाठवायची. मग इंटरनेटही फोनमध्ये शिरलं. बाकं रिकामी.

एका फोनने दोनदा पोट कापलं तर दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. तेनेने ठरवलं, आता फोनशी भांडायचं नाही. फोनच्या आतच दुकान टाकायचं.

तिचा विचार साधा होता. पॅरिसमधली माणसं घरी पैसे पाठवतात तसा मालही पाठवतात. तांदळाची पोती, तेल, साखर, सिमेंट, बकरी ईदला मेंढा. पैसे तिकडे भरायचे, माल इकडच्या दुकानातून घरपोच. अशी दुकानं गावात बरीच झाली होती, प्रत्येकाचा भाव वेगळा, आणि कोण कुठल्या गावापर्यंत पोचवतो तेही वेगळं. हे सगळं एका जागी दाखवणारं कुणी नव्हतं. तेनेने वेबसाइट काढली. माल तिचा नाही, पोती तिची नाहीत. तिने फक्त भाव शेजारी शेजारी लावायचे आणि खाली दुकानाची लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी माल घेतला की दुकानदार तिला कमिशन देणार. दुसऱ्याचं दुकान, आपली पाटी.

सुरुवातीला तिने उरल्यासुरल्या जुन्या कॉम्प्युटरवर एकेक पान हाताने बनवलं. प्रत्येक मालाचं पान, प्रत्येक गावासाठी वेगळं. शेवटचं पान होईपर्यंत पहिल्या पानावरचा भाव शिळा झालेला असे. बोटं दुखायची आणि काम मात्र जिथल्या तिथे. हे हाताने उरकणारं काम नाही, एवढं तिला कळलं. दुकानांचे तक्ते एका बाजूने घालावेत आणि दुसऱ्या बाजूने पानं बाहेर पडावीत, असं यंत्र हवं.

घाईचं कारण तिचा थोरला भाऊ, झुमाना. बाप गेल्यावर घर त्याचं. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, आता गुडघे गेले होते. त्याला खोलीत काही चाललेलं दिसत नव्हतं. बहीण आत बसते आणि भिंतीकडे बघते, एवढंच दिसायचं. मटण भाजून विकणारा हामा खोली भाड्याने मागत होता. झुमानाने तेनेला सांगितलं, "ईदचा चंद्र दिसेपर्यंत खोली तुझी. तोवर काम उभं राहिलं तर राहिलं. नाहीतर हामा तिथे भट्टी लावेल."

ती खोली म्हणजे तेनेची या घरातली अर्धी जागा नव्हे, सगळीच जागा होती. खोली गेली की ती मागच्या अंगणात भांडी घासणाऱ्या बायांत जाऊन बसणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"तो दाखव," तेने हनुवटीने खूण करत म्हणाली.

मधल्या फळीवर एक मोठा टॉवर होता. एका बाजूला काच, आत पंखे, चालू केला की लाल निळे दिवे फिरायचे. ती वेबसाइट बनवायला शिकली त्या शिकवणीच्या वर्गात मास्तरांकडे असाच होता.

सिबिरीने हात धुतले. "तो? तो कशाला?"

"वेबसाइट बनवायला."

"त्याच्यावर तू चवळी शिजव. उत्तम शिजेल, इतकी आग निघते. वेबसाइट नाही व्हायची."

"का बरं?"

"अगं, तो खेळ खेळणाऱ्या पोरांचा डबा. निम्मं पोट चित्रं पळवायला दिलंय. तुझ्या कामात चित्रं पळत नाहीत, आकडे पळतात. आणि लाईट गेली की तो मेलाच. कायेसमध्ये लाईट असते कधी?" त्याने टेबलाखालून एक काळा, जाडजूड लॅपटॉप ओढून काढला. कोपरे झिजलेले, एक बटण गायब. "तुला हा हवा. बॅटरी नवी घालतो, रॅम वाढवतो, फिरणारी डिस्क काढून एसएसडी बसवतो. दिसायला म्हातारा, पण बैलासारखा ओढेल."

तेने चहावाल्यांकडे वळली. "बघा, बघा. कुणी घेत नाही म्हणून जाराच्या गळ्यात मारतोय."

"खरं सांगतोय मी."

यावर जो हशा झाला तो पलीकडच्या शिंप्यापर्यंत गेला. "त्राओरे खरं सांगतोय!" एकाने मांडीवर थाप मारली. "लिहून ठेवा रे!" सिबिरीलाही हसू फुटलं. न फुटून काय करतो.

"आणि सॉफ्टवेअर ते घाल, मास्तरांनी सांगितलेलं," तेने म्हणाली. "पानं अशी सरकत येतात, फोटो मोठे होतात, ते."

"ते सॉफ्टवेअर म्हणजे नवरी. नटण्यातच अर्धा दिवस जाणार. तुला दळण दळणारी बाई हवी."

"हे तुझ्या बायकोला सांगू?"

"सांग. ती तुझ्यापेक्षा कमी चावते."

असं बोलणं झालं आणि टॉवर हातगाडीवर चढला. सिबिरीने दोऱ्या स्वतः आवळल्या, खाली पुठ्ठा घातला, खड्ड्यांतून सांभाळून ने म्हणून गाडीवाल्याला बजावलं. विकताना त्याने कुचराई केली नाही.

टॉवर खोलीत लागला. दिवे फिरले. मुली, शेजारणी, झुमानाची बायको, सगळ्या बघून गेल्या. झुमानाही दारात उभा राहिला आणि म्हणाला, "जत्रा छान आहे."

मग उन्हाळा चढला. कायेसचा उन्हाळा म्हणजे दारच्या कडीला हात लावायचा तर फडकं घ्यावं लागतं. टॉवरचे पंखे खोलीतलीच गरम हवा आणि रस्त्याची तांबडी धूळ आत ओढायचे. तेने दर दोन दिवसांनी काच उघडून धूळ काढायची. काढून वर बघते तोवर लाईट जायची. इन्व्हर्टरला तो डबा पेलत नव्हता, कण्हून बंद पडायचा. आणि मास्तरांचं सॉफ्टवेअर एकदा पानं बनवायला लागलं की पहिल्यापासून सगळी बनवायचं. तांदळाचा एक भाव बदलला तरी सिमेंटची पानंसुद्धा पुन्हा. प्रत्येक फोटो पुन्हा कापायचं, पुन्हा घासायचं. मध्ये लाईट गेली की घोडं परत सुरुवातीच्या खुंटाला.

आळस तिने केला नाही. पहाटेच लाईट बरी असते म्हणून ती पहाटे उठायला लागली. काम करण्याची तयारी होती, पण यंत्र काम खात होतं आणि बाहेर काही देत नव्हतं.

पहिला फोन अंबिदेदी गावाहून आला. साता नावाची बाई, नवरा पॅरिसला. "तेनेताई, तुझं पान उघडता उघडता माझा नेटचा पॅक संपला गं. तांदूळ काही दिसला नाही. नुसतं एक गोल फिरत होतं."

तेनेने फोन ठेवला. माल पॅरिसचा माणूस विकत घेतो खरा, पण काय घ्यायचं ते गावातली बायको ठरवते. तिच्या हातात लहान फोन आणि चिमूटभर इंटरनेट. सरकती पानं आणि मोठे फोटो कुणासाठी केले होते?

दुसऱ्या दिवशी वागे शेठ स्वतः आला. तांदूळ, सिमेंट आणि मेंढे, तिन्हींचा मोठा व्यापारी. दारातूनच म्हणाला, "पोरी, तुझ्या पानावर मेंढ्याचा भाव एक आणि माझ्याकडे दुसरा. पॅरिसहून माणसाने फोन करून मला चोर म्हटलं. आता मी चोर आहे की नाही ते राहू दे. पण त्याला तिकडे बसून ते कळलं कसं? तुझ्या पानावरून! भाव रोजचा रोज लागत नसेल तर माझं नाव काढून टाक."

वागेचं नाव गेलं म्हणजे निम्मा माल गेला. तेनेने हो ला हो केलं, त्याला पाणी दिलं, तो गेल्यावर डोक्याचं फडकं घट्ट बांधलं आणि तडक सिबिरीच्या दुकानी निघाली.

"सिबिरी, तू दिलेलं यंत्र चालत नाही."

"चालेल कसं? चवळीचा वास सहन होत नाही त्याला."

"मी भांडायला आलेय."

"अरे वा! बसा रे सगळे, जाराबाई भांडणार आहेत. तिकीट नाही."

"माझा धंदा बुडतोय, गाढवा!"

"गाढव कोण म्हणतंय बघा, जिच्या आजोबांना आमच्या आजोबांनी पेंढीवर विकत घेतलं."

लोक जमले. शिंपी मशीन सोडून आला. भाजी विकणाऱ्या दोघी आल्या. तेनेचे डोळे भरून आले आणि आवाज फाटला, तसा लोकांना आणखीच ऊत आला. "काय नाटक करते!" भाजीवाली दुसरीला म्हणाली. "डोळ्यांतून पाणी काढलं बघ. जाराच्या पोरी पहिल्यापासून हुशार." खुद्द सिबिरीही हसत होता, पण आता जरा सावकाश. त्याला शंका आली होती. तरी आपण होऊन थांबणं त्याच्या हातात नव्हतं. थट्टा थांबवणारा त्राओरे म्हणजे हरलेला त्राओरे.

तेनेने डोळे पुसले. स्टूल ओढून बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "आता मी जारा नाही. माझी आई न्याकाते घराण्यातली. न्याकातेची मुलगी तुम्हाला विचारतेय."

सिबिरी उठून उभा राहिला. सदरा खाली ओढला. न्याकाते आणि त्राओरे यांच्यात थट्टा नाही. आतून पाण्याचा गडू आणून त्याने दोन्ही हातांनी तिच्या पुढे केला. बाहेरच्या चहावाल्यांनी किटली उचलली आणि शेगडीसकट पलीकडच्या झाडाखाली गेले. भाजीवाल्यांना आपल्या टोपल्या आठवल्या. खरं बोलणं सुरू झालं की ऐकायला कुणी थांबत नाही.

"बोला, ताई," सिबिरी म्हणाला.

"मी तुमच्याकडून यंत्र घेतलं. रोज राबते, पण पानं वेळेवर निघत नाहीत. ईदचा चंद्र दिसायच्या आत हे सुधारलं नाही तर माझी खोली जाईल. चूक कुठे आहे?"

"यंत्र चांगलं आहे. चुकीच्या घरी गेलंय. मी त्या दिवशी सांगितलं होतं तुम्हाला."

"कोण म्हणून सांगितलंत?"

सिबिरीने डोकं खाजवलं. "त्राओरे म्हणून."

"आणि ऐकलं कुणी?"

"जारानं."

"मग?"

"मग माझंच चुकलं. खरं सांगायचं होतं तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगायला हवं होतं. हा शिंपी होता शेजारी." त्याने तिकडे मान वळवली. "पण तो पडला कुलिबाली, सगळ्याच आडनावांच्या थट्टेचा धनी. त्याचं तर त्याचं कुत्रंही खरं धरत नाही."

तेनेला हसू येत होतं. तिने ते दाबलं. न्याकातेच्या मुलीने इथे हसून चालणार नव्हतं.

मग सिबिरीने स्टूल जवळ घेतलं आणि पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते सगळं विचारलं. दुकानं किती, तक्ते कसे येतात, भाव कितीदा बदलतो, एका वेळी किती मालाचा बदलतो. पानं कोण उघडतं, कसल्या फोनवर. घरची लाईट किती टिकते. तेने एकेक सांगत गेली. सांगता सांगता तिचं तिलाच दिसायला लागलं की यातल्या एकाही गोष्टीला काचेचा डबा लागत नाही.

"तुमचं काम म्हणजे दळण आहे," सिबिरी म्हणाला. "धान्य घालायचं, पीठ काढायचं. जात्याला आरसे लावून उपयोग नाही. हा काळा घ्या. बॅटरीवर सकाळचं काम निघेल. विंडोजऐवजी फुकटची लिनक्स घालतो, हलकी असते. आणि पानं बनवायला एक छोटा प्रोग्राम आहे. त्याला तक्ता द्यायचा आणि एक साचा द्यायचा. ज्या ओळीतला आकडा बदलला तेवढंच पान तो नव्याने करतो, बाकीच्यांना हात लावत नाही. पान साधं निघेल. अक्षरं, आकडे, एक लहानसा फोटो. मिरवण्यासारखं नाही."

"साताला दिसेल?"

"कोण साता?"

"अंबिदेदीची."

"साताला दिसेल. तिच्या सासूच्या फोनवरही दिसेल."

"आणि तो टॉवर?"

"लग्नाच्या व्हिडिओवाला कधीपासून मागतोय. त्याला तोच लागतो. तुम्हाला तोटा होऊ देणार नाही." सिबिरीने गडू उचलला. "झालं का न्याकातेबाईंचं?"

"झालं."

"मग त्या जाराला बोलवा आता. तिची चवळी उतू जात असेल."

"आधी यंत्र बांध, गड्या," तेने म्हणाली. "आणि बॅटरी जुनी घालून नवी म्हणून सांगशील तर बघ."

झाडाखालून चहावाले परत आले.

यंत्र आलं म्हणून काम झालं असं नव्हे. खरी मेहनत पुढेच होती. एकाच तांदळाला वागेच्या तक्त्यात एक नाव, दुसऱ्या दुकानात दुसरं, तिसऱ्याकडे नुसतं 'बारीक, तुटका'. कुणी पोत्याचा भाव लिहायचा, कुणी किलोचा. प्रोग्रामला हे कळत नाही. त्याला समोर घातलं तेवढंच दिसतं. तेने उन्हात दुकानोदुकानी फिरली, पोत्यांवर हात ठेवून विचारत गेली, हा आणि तो एकच का? मग सगळ्यांचा मिळून एक तक्ता केला. एका मालाला एक नाव, एक माप. पायांना फोड आले. हे काम तिच्यासाठी दुसरं कुणी करणार नव्हतं आणि कुठलंही सॉफ्टवेअर करून देणार नव्हतं.

साचा तिने स्वतः ठरवला. वर मालाचं नाव, खाली दुकानं भावाच्या क्रमाने, प्रत्येकासमोर कुठल्या गावापर्यंत पोचवतो ते, मग लिंक. बस.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत पानं तयार. तिचा विश्वास बसेना, म्हणून तिने पुन्हा चालवलं. मध्येच डोक्यावरचा पंखा थांबला. लाईट गेली होती. लॅपटॉपला त्याचा पत्ताही नव्हता.

चूक झालीच नाही असंही नाही. तक्त्यातला एक रकाना सरकला आणि सिमेंटच्या प्रत्येक पानावर मेंढ्याचा फोटो गेला. पॅरिसहून एकाने निरोप पाठवला, "ताई, सिमेंट चांगलं दिसतंय. पण शिंगं कापून पाठवाल का?" तेने एकटीच खोलीत खो खो हसली, रकाना जागेवर सरकवला, पानं पुन्हा काढली. दुरुस्तीला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा हसण्यालाच जास्त लागला.

वागे शेठचा भाव आता तो स्वतः विसरायच्या आत पानावर लागायचा. साताचा फोन आला. "दिसलं गं! तांदूळ दिसला, तेल दिसलं. नवऱ्याला सांगितलंय, घे म्हणून. मेंढाही सांगितलाय, पांढरा." पाठोपाठ तिच्या जावेने विचारलं, मग सेगाला गावच्या दोघींनी. मग कोण कुणाची ते तेनेला कळेनासं झालं. दुकानदारांकडून कमिशन यायला लागलं.

ईदचा चंद्र दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी झुमाना हामाला घेऊन आला. त्याने रात्रभर बोलणं जुळवलं असावं, कारण तो घसा साफ करत आला. तेने खोलीत नव्हती. बाहेर कडुलिंबाखाली चटईवर बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करत होती. खोलीपेक्षा तिथे वारा होता.

"तेने," झुमाना म्हणाला, "आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं, दादा." तिने कमरेची किल्ली सोडली आणि पुढे केली.

झुमानाने ती घेतली नाही. त्याची तयारी भांडणाची होती. "म्हणजे काम उभं राहिलं नाही?"

"राहिलं."

"मग किल्ली कशाला देतेस?"

"कामाला खोली लागत नाही. खोली त्या डब्याला लागायची." तिने लॅपटॉपवर थाप मारली. "हा जिथे सावली तिथे चालतो. सकाळी इथे, उन्हं आली की सिबिरीच्या दुकानात. त्याच्याकडे सोलर आहे, चार्जिंग होतं."

"जाराची मुलगी त्राओरेच्या दुकानात बसणार?"

"त्याला कुणीतरी शिस्त लावायला नको?"

हामा आत जाऊन धुराडं कुठून काढायचं ते बघत होता. भिंतीवर अजून बूथच्या केबिनचे खिळे होते, आणि बाकांच्या पाठींनी घासलेले पट्टे. तेनेने तिकडे एकदा पाहिलं. तिला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. पण झुमानाने शेवटी किल्लीला हात लावला तेव्हा तिची बोटं लगेच सुटली नाहीत. त्यालाही ते कळलं.

"ईद होऊन जाऊ दे," तो पुटपुटला. "हामा थांबेल."

"नको, दादा. ईदलाच त्याचा धंदा. आजच लावू दे भट्टी. फक्त माझं टेबल तेवढं हलवायचंय, धूर लागायच्या आत."

हातगाडीवाले सगळे मेंढे ओढायला गेले होते. झुमानाने इकडे तिकडे पाहिलं, गुडघे चोळले आणि टेबलाचं पुढचं टोक उचललं. मागचं तेनेने. टेबल बापाच्या वेळचं, भरीव लाकडाचं, चौघांचं ओझं. तीनदा खाली ठेवत, श्वास घेत, दोघं बाजारातून निघाली. लॅपटॉप तेनेच्या पाठीला फडक्याने बांधलेला, तान्ह्या पोरासारखा.

सिबिरीने लांबूनच पाहिलं. त्याला असा दिवस जन्मात मिळाला नव्हता. तो रस्त्याच्या मधोमध येऊन ओरडला, "या हो या! जारा घराण्याचा थोरला स्वतः सामान वाहून आणतोय त्राओरेच्या घरी! अरे, कुणीतरी चवळीचं पातेलं आणा रे. दमलाय बिचारा!"

सगळा बाजार वळून बघायला लागला. झुमाना थट्टेला नेहमी अंग चोरायचा. आता दोन्ही हात अडकलेले, पळायला जागा नाही. त्याने टेबल रस्त्यातच टेकवलं, सदऱ्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "तोंड कमी चालव, गड्या, आणि ते टोक धर. मालक चालत आलाय, गडी उभा राहून बघतोय. तुझ्या बापाने हेच शिकवलं का?"

बाजाराने आरोळी ठोकली. सिबिरी वाकला आणि टोक धरलं.

दोघांनी टेबल आत नेलं. झुमानाने डोळ्याने जमीन जोखली. "डावीकडे. नाही, भिंतीला चिकटवू नकोस, ओल आहे तिथे. हातभर पुढे. आता हा पाय उचल. उचल म्हटलं ना! खाली पत्र्याचा तुकडा घाल. अजून हलतंय. त्राओरेची फरशीसुद्धा वाकडी."

"जाराने बांधलीय म्हणून वाकडी."

"मी बांधली असती तर तुझ्या नातवांनीही नाव काढलं असतं. उचल."

तेनेने पाठीवरचं फडकं सोडलं आणि उंबऱ्यावरच बसली. वागे शेठने मेंढ्याचा नवा भाव पाठवला होता. तिने तो तक्त्यात घातला. टेबल सरळ झालं तोवर नवी पानं निघून साइटवर लागलीही होती.